मदत हवी आहे: सिंकचा नळ बदलायचाय, पण माळ्यावरचा कॉक पूर्ण बंद होत नाही

नमस्कार मंडळी,

आई-बाबांच्या फ्लॅटमधला सिंकचा नळ बदलायचा आहे. कोथरूडमधली जुनी तीन मजली सोसायटी, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. नळाच्या बॉडीलाच चीर गेली आहे, त्यामुळे वायसर बदलून भागणार नाही. नवा अर्धा इंची, लांब मानेचा नळ आणून ठेवलाय. काढणं-बसवणं मला येतं. अडलंय ते पाणी बंद करण्यापाशी.

ओट्यावर दोन नळ आहेत. एक कॉर्पोरेशनचा डायरेक्ट, त्याला फक्त सकाळी पाणी असतं. दुसरा गच्चीवरच्या टाकीचा, बदलायचा तो हाच. सिंकखाली अँगल कॉक (फक्त त्या नळाचं पाणी बंद करायचा छोटा कॉक) नाही. भिंतीतून आलेल्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपवर नळ थेट बसवलाय. टाकीच्या लाइनचा पितळी गेट व्हॉल्व्ह बाथरूमच्या माळ्यावर आहे. चाकाच्या दांड्यावर हिरवा थर चढलाय. चाक आधी सहज फिरतं, पण शेवटचा आटा काही केल्या बसत नाही. नळ उघडा ठेवून पाहिलं, तर शिसपेन्सिलीएवढी धार चालूच राहते.

पाना लावून जोर द्यावा का? की गच्चीवरचा व्हॉल्व्हच बंद करावा? तो आमच्या उभ्या लाइनीतल्या सगळ्या घरांचा आहे, म्हणजे वरच्या-खालच्यांचंही पाणी जाणार. शिवाय पुढेमागे डायरेक्टचा नळही बदलायचाय. दुपारी तो कोरडाच असतो, मग त्याचा कॉक नीट बंद होतो की नाही, हे तपासायचं कसं?

बाबांचे गुडघे दुखतात, आईलाही बादल्या उचलणं झेपत नाही. काम अर्धवट राहून घरात पाणीच नाही, अशी वेळ त्यांच्यावर येऊ द्यायची नाहीये. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

ताई, पाना अजिबात लावू नका. जुन्या गेट व्हॉल्व्हचा दांडा आतून झिजलेला असतो. जोर दिला की तो तुटतो, पाणी अडवणारी आतली पाचर खाली पडून अडकते, आणि मग लाइन ना धड बंद होते ना धड उघडते.

बऱ्याचदा पाचर बसते त्या खाचेत गाळ साचलेला असतो. नळ पूर्ण उघडा ठेवून माळ्यावरचं चाक हातानेच हळूहळू उघडा, परत मिटवा, असं काही वेळा करून बघा. गढूळ पाणी आलं तर गाळ निघतोय असं समजा. त्यानेही धार थांबली नाही, तर नाद सोडा आणि गच्चीवरूनच बंद करा. धार बारीक आहे म्हणून तसाच नळ काढू नका. आटे बसवताना हात ओले, आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप ओली, आणि गळती कायमची राहते.

गच्चीवरून बंद करणार असाल तर सेक्रेटरींना सांगून आदल्या दिवशी बोर्डावर लिहा. त्यात गिझर बंद ठेवायचंही लिहा, हे लोक विसरतात. लाइन रिकामी होताना गिझरमधलं पाणी मागे उतरू शकतं आणि कोरडा गिझर चालू राहिला तर कॉइल जळते. व्हॉल्व्ह बंद केल्यावर तुमच्या वरच्या उभ्या पाइपात उरलेलं पाणी तुमच्याच नळातून येणार. तळमजल्यावरच्यांना त्याच लाइनचा नळ उघडायला सांगा, लवकर उतरेल.

नळ काढताना भिंतीतला निप्पल (नळ ज्यावर बसतो तो आट्यांचा छोटा तुकडा) दिसत असेल तर एका पान्याने तो धरून ठेवा आणि दुसऱ्याने नळ उलटा फिरवा. नुसता नळ पिळला तर गंजलेला निप्पल भिंतीत तुटतो, आणि मग टाइल फोडायची वेळ येते. अर्धा इंची प्लग टेफ्लॉन गुंडाळून हाताशी ठेवा. नवा नळ बसला नाही तर प्लग लावून इमारतीचं पाणी सुरू करता येतं.

डायरेक्टचा कॉक सकाळी पाणी चालू असतानाच तपासायचा. दुपारी नळ कोरडा दिसला म्हणून कॉक बंद झाला असं धरून चालू नका. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की ओटा वाहायला लागेल.

धागाकर्ती

मनापासून आभार! चाक उघडून-मिटवून पाहिलं. आधी तांबूस गाळ आला, धार बारीक झाली, पण थांबली नाही. म्हणून सेक्रेटरींशी बोलले. रविवारी दुपारी गच्चीवरून बंद करायचं ठरलंय आणि गिझरचं बोर्डावर लिहिलंय. तळमजल्यावरच्या काकू नळ उघडायला तयार आहेत.

लाइन रिकामी होणारच आहे, तर माळ्यावरचा व्हॉल्व्हही त्याच वेळी बदलून टाकावा का?

प्रतिसाद

नक्की बदला. पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्या, दांडी पाव फेरा फिरवली की बंद, बाबांनाही सोपं जाईल. पण माळ्यावर जुन्या जीआयचे आटे खोलायचे आहेत, ते काम प्लंबरकडूनच करून घ्या. आणि काम झाल्यावर गच्चीवरचा व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. नव्या नळाच्या तोंडाची जाळी काढून ठेवा, व्हॉल्व्ह थोडा उघडून नळातून हवा आणि गंज निघून जाऊ द्या, मगच जाळी लावा.