रॉब हूके : कलाकार की पट्टीचा नक्कलकार?

खमाज
डच बूगी-वूगीचा (डाव्या हाताची अखंड फिरती चाल धरून वाजवायचा पियानोवरचा ब्लूज) विषय निघाला की पहिलं नाव येतं रॉब हूकेचं. जन्म १९३९, नेदरलँड्समधलं हार्लेम. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्याने बूगी-वूगीची चौकडी जमवली, साठच्या दशकात ऱ्हिदम अँड ब्लूज ग्रुप काढला. 'मार्जिओ' (१९६६), 'ड्रिंकिंग ऑन माय बेड' (१९६७) आणि 'डाउन साउथ' (१९७०) या तबकड्यांनी नाव झालं. १९७७ मध्ये 'अ‍ॅनिमल्स' या ब्रिटिश बँडवाल्या अ‍ॅलन प्राइसबरोबर अख्खी एलपी केली. १९९९ मध्ये गेला, तोवर वाजवतच होता.

हात तयार होता, वादच नाही. पण चाळीस वर्षांत त्याने या संगीतात स्वतःचं काय घातलं? टेक्सासच्या लाकूडतोड छावण्यांमधून आणि रेल्वेच्या कडेकडेने हे संगीत शिकागोला पोचलं. ते ज्या कृष्णवर्णीयांनी घडवलं त्यांच्या वाट्याला काय आलं बघा. पाइनटॉप स्मिथने डिसेंबर १९२८ मध्ये 'पाइनटॉप्स बूगी-वूगी' ही प्रसिद्ध तबकडी केली आणि पुढच्याच मार्चमध्ये गोळी लागून मेला, वय २४. मीड लक्स लुइसला तबकड्यांचा निर्माता जॉन हॅमंडने १९३५ मध्ये हुडकून काढलं तेव्हा तो गाड्या धूत होता. जिमी यान्सी तर जवळजवळ शेवटपर्यंत बेसबॉलच्या मैदानाची निगा राखायची नोकरी करत राहिला. आणि त्यांचं तयार ताट युरोपातल्या मंडळींच्या पुढ्यात. हूकेला उत्तम कारागीर म्हणा, मी पहिली टाळी देईन. कलाकार म्हणायला जीभ रेटत नाही.

काळी पाच
सपशेल असहमत. 'तयार ताट' म्हणणाऱ्याने पियानोवर एकदा डावा हात ठेवून बघावा. बूगीची सगळ्यात सोपी चाल आपल्या भाषेत सांगते: सा ग प ध, कोमल नी, ध प ग. आठ स्वर, एक बार (आपल्याकडचं छोटं आवर्तन म्हणा) संपला. असे चार बार. मग मध्यमाला सा मानून तेच दोन बार, परत मूळ सा वर दोन, मग पंचम, आणि बारा बार पुरे झाले की पुन्हा पहिल्यापासून. हे चालू असताना उजव्या हाताने डाव्याच्या लयीला आडवं जायचं, आणि डाव्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही. आपल्या पेटीवर हे होत नाही कारण डावा हात भात्यावर अडकलेला असतो. म्हणून ऐकताना आपल्याला वाटतं, काय ते एकच एक चाललंय. मनगट न आवळता तासभर ही चाल ठेवणं म्हणजे काय ते वाजवणाऱ्यालाच कळतं.

आणि १९७४ मध्ये अपघातात त्याचं बोट गेलं. पियानोवाल्याचं बोट! उरलेल्या बोटांची मांडणी नव्याने बसवून तो पुढे पंचवीस वर्षं वाजवत राहिला. थांबायला याहून चांगलं निमित्त कुठल्या नक्कलकाराला मिळालं असतं?

तिरकस
हार्लेमच्या माणसाने हार्लेमचं संगीत वाजवलं, त्यात नक्कल कसली? (हलके घ्या.)

खमाज
@तिरकस, न्यूयॉर्कच्या हार्लेमला नाव डचांनीच दिलं, ते ठीक. पण तिथला पियानो म्हणजे स्ट्राइड ही वेगळी जॅझ शैली, जेम्स पी. जॉन्सन वगैरे. बूगीची पेठ शिकागो.

@काळी पाच, अवघड आहे हे कबूल. दोरीवर चालणंही अवघडच. बोटाची गोष्ट ऐकून मलाही गलबलतं, पण ती जिद्दीची गोष्ट आहे, सर्जनाची नाही.

डेन हागकर
इथे हेगमध्ये राहतो, म्हणून एक अवांतर. डच चित्रकार पीट मोन्द्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि बूगी-वूगीच्या तबकड्यांनी वेडा झाला. त्याचं शेवटचं चित्र 'व्हिक्टरी बूगी-वूगी', १९४४ मध्ये तो गेला तेव्हा अपुरंच होतं. रंगीत चिकटपट्ट्यांचे तुकडे अजून कॅनव्हासवर तसेच आहेत. १९९८ मध्ये डच मध्यवर्ती बँकेच्या देणगीतून ते ८ कोटी गिल्डरला (तेव्हाचं डच चलन) घेतलं, केवढा गदारोळ झाला होता! इथल्या संग्रहालयात आहे, फुकट नाही पण बघण्यासारखं. आता गंमत बघा. डच माणसाने बूगी ऐकून रंगाचे चौकोन काढले तर तो युगप्रवर्तक, आणि दुसऱ्या डच माणसाने तीच बूगी पियानोवर वाजवली तर नक्कलकार.

खमाज
अहो, हा तर माझाच मुद्दा झाला! मोन्द्रियानने ऐकलेल्याचं दुसरंच काही केलं. शिकागोच्या बूगीवाल्या अल्बर्ट अ‍ॅमन्सला ते चित्र दाखवलं असतं तर त्याने डोकं खाजवलं असतं. हूके जिथून निघाला तिथेच राहिला. त्याच्याच पिढीतला रॉब आखरबेक बघा. जन्म बटाव्हियाचा (आजचं जकार्ता), सुरुवात बूगीपासूनच. पण तो पुढे सरकला, आधुनिक जॅझमध्ये गेला. १९७२ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन हेगला वाजवायला आला तेव्हा साथीला आखरबेकचीच त्रयी होती. याला मी कारकीर्द म्हणतो.

मांडवीकाठ
'पुढे सरकणं' हीच एक कसोटी का? मग आमच्या गोंयकारांचं काय करायचं? चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत लुई आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट वाजवायचा, रुमालासकट. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. तोही नक्कलकार?

खमाज
नुसता हॉटेलात राहिला असता तर हो, म्हटलं असतं. पण तोच माणूस सी. रामचंद्रांकडे गेला आणि 'अलबेला'त (१९५१) त्याच्या साथीदारांनी जे वाजवलं ते ना न्यू ऑर्लिन्सचं, ना पणजीचं. हूकेची अशी एक जागा दाखवा.

काळी पाच
तुमचा सगळा डोलारा 'हे संगीत त्यांचं, यांचं नाही' यावर उभा आहे, म्हणून एकच उदाहरण देते. 'के. सी. लव्हिंग', लिटल विली लिटलफील्डने १९५२ मध्ये लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केलं. टेक्सासमध्ये जन्मलेला कृष्णवर्णीय पियानोवाला, तुमच्या व्याख्येत शंभर नंबरी अस्सल. गाणं कोणाचं? लायबर आणि स्टोलर, एकोणीस वर्षांची दोन ज्यू पोरं. त्यातल्या स्टोलरने पियानो शिकला कोणाकडे? तुमच्याच हार्लेमच्या जेम्स पी. जॉन्सनकडे! पुढे १९५९ मध्ये विल्बर्ट हॅरिसनने तेच गाणं 'कॅन्सस सिटी' नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेलं. आता यात मालक कोण आणि उसनवारीवाला कोण, ते तुम्हीच सांगा.

आणि हा लिटलफील्ड उतारवयात राहिला कुठे? नेदरलँड्समध्ये. २०१३ मध्ये तिथेच वारला. अमेरिकेत त्याचं नाव विसरलं गेलं होतं, तिकडे कार्यक्रम मिळत होते. कारण हूके, याप डेकर या डच पियानोवाल्यांनी त्या देशात बूगी ऐकणारं पब्लिक तयार करून ठेवलं होतं.

खमाज
पब्लिक तयार केलं, मान्य. त्यासाठी शाल-श्रीफळ द्या. आणि लायबर-स्टोलरचं म्हणाल तर त्यांनी नवं गाणं लिहिलं. फरक तोच, मी पहिल्यापासून तोच सांगतोय.

डेन हागकर
शाल इथल्या थंडीत उपयोगी पडली असती. :)
एक सांगतो. युद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना इथे जॅझवर बंदी होती. १९४५ नंतर दोस्त सैनिकांबरोबर हे संगीत मोकळेपणाने घरोघरी पोचलं तेव्हा हूके सहा वर्षांचा. त्या पिढीच्या कानांना ते परकं वाटतच नसणार. तुम्ही ज्याला उसनं म्हणता ते त्यांच्या लहानपणाचं संगीत आहे.

तिरकस
मस्करी पुरे. मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. कुठून सुरू करू?

काळी पाच
हूके आणि हाइन व्हॅन डर खाख या जोडीची 'फोर हँड्स अप' घ्या, १९७१ची. दोन पियानोवाले, चार हात. मग अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन यांनी १९४१ मध्ये मिळून केलेल्या तबकड्या ऐका. क्रम मात्र उलटा करू नका, नाहीतर खमाज यांचं म्हणणं पटायचं.