अनुभव धागा: तुमच्या घरी नाताळ कधी असायचा?

नवलखा
काल माळा आवरायला घेतला, गिझरवाला येणार होता म्हणून, आणि पितळी पातेल्यांच्या मागे आमचा जुना तारा सापडला. बाबांनी बांबूच्या कामट्यांचा केलेला, पाच टोकांचा. पतंगाचा कागद पार गेलाय, दोन कामट्या तुटल्यात, पण टांगायला आईने बांधलेली ड्रेसिंगची पट्टी तशीच आहे, गाठीसकट. दोरी सापडली नव्हती म्हणून तिने पर्समधली पट्टी काढून बांधली होती ते मला लख्ख आठवतंय. स्टुलावरच बसून राहिले मी, गिझरवाला बेल वाजवून वाजवून परत गेला.

आमचं घर नगरकडचं ख्रिस्ती, आजोबांच्या वेळेपासून इंदूरला. आई सिस्टर, बाबा पोस्टात सॉर्टिंगला. म्हणजे बघा डिसेंबरचा शेवटचा आठवडा दोघांनाही घरी यायला वेळ नाही. आईच्या वॉर्डात थंडीमुळे दम्याचे म्हातारे पेशंट, आणि बाबांकडे ग्रीटिंग कार्डांची पोतीच्या पोती. तेव्हा कार्डाचं पाकीट चिकटवायचं नाही, फ्लॅप नुसता आत खोचायचा म्हणजे बुकपोस्टाचा कमी दर लागायचा, आणि मग पोत्यात ती पाकिटं उघडायची नि कार्डं बाहेर यायची. कोणतं कार्ड कोणत्या पाकिटातलं हे बाबा अक्षरावरून जुळवत बसायचे. रात्री अकराला घरी आले की बोटांना चमकी लागलेली असायची.

२५ ला सकाळी आम्ही आजीबरोबर व्हाईट चर्चला जायचो, उपासना, संडेस्कूलचं नाटक (मी तीन वर्षं मेंढपाळ, माझ्या धाकट्या भावाला लगेच बाळ येशूला भेटायला येणारा मागी राजा केलं, त्याचं मला फार वाईट वाटलेलं). पण घरचा नाताळ, म्हणजे केक कापणं, नवे कपडे, आजीच्या करंज्या नि अनारशांचे डबे उघडणं, ते आई आणि बाबा दोघं एका वेळी घरात असतील तेव्हाच. आजीचा नियम होता, त्याशिवाय डब्याला हात नाही. कधी २६, कधी २७, १९८९ साली तर २९ ला झाला. आणि तारा त्याच संध्याकाळी लावायचा, आधी नाही. त्यामुळे कॉलनीतल्या लोकांना सवयच झाली होती. दुसऱ्यांकडचे तारे १ तारखेपासून लागलेले असायचे, आमचा लागला की समोरच्या काकू हाक मारायच्या, लागला गं तारा, सिस्टर आल्या वाटतं घरी! आणि अर्ध्या तासात घर भरायचं.

तुमच्याकडे कसं होतं लिहा. ख्रिस्ती असाल नसाल, नाताळची सुट्टी तर सगळ्यांनाच लागायची.

जिरावण
ताई डोळ्यात पाणी आणलंत. आमच्या शेजारी पण एक कुटुंब होतं असंच. दिवाळीला आई त्यांच्याकडे फराळाचं ताट पाठवायची आणि ते ताट दोन महिने त्यांच्याकडेच राहायचं, कोणी मागायचं नाही, नाताळात तेच ताट भरून परत यायचं, चकली शंकरपाळे करंज्या आणि मध्ये केकचे चार तुकडे बटरपेपरमध्ये. आई म्हणायची रिकामं ताट परत करायचं नाही हे त्यांच्याकडून शिका. अजून माझ्याकडे आहे ते ताट, त्यावर त्यांच्या आडनावाचं अक्षर कोरलंय, म्हणजे मुळात आमचं होतं की त्यांचं तेच आता कोणाला माहीत नाही

दोन_मुलांची_आई
मटार!!! आमच्याकडे नाताळची सुट्टी म्हणजे फक्त मटार, इंदूरकडे बटला म्हणतात तो. मी लग्न होऊन पुण्याहून इथे आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या बटला आणलाय तर मला कळेचना काय आणलंय. पंचवीस किलोचं पोतं गच्चीवर, उन्हात सगळे सोलायला, नणंदा त्यांची मुलं जावा. हे सुट्टीवर, मुलं सुट्टीवर, मलाच नव्हती, माझी प्रायव्हेट नोकरी, दुपारी जेवायला घरी यायचे तेव्हा माझ्या वाट्याचा ढीग बाजूला ठेवलेला असायचा आणि सासूबाईंनी तो हळूच स्वतःच सोललेला असायचा. कोणाला बोलल्या नाहीत कधी. संध्याकाळी बटल्याच्या कचोऱ्या. त्या गेल्या त्याला चार वर्षं झाली, आता फ्रोझन आणते मी.

नवलखा
@दोन_मुलांची_आई सासूबाईंचं वाचून कसंतरी झालं गं. एक तरी पोतं आण या वर्षी, थोडं का होईना. मुलांना गच्चीवर बसव.

स्वयंपाकघर
नवलखा ताई केक कशात करायचात तेव्हा? ओव्हन होता का घरी?

नवलखा
ओव्हन कुठला, बाटीचा! इंदूरच्या घरात बाटी ओव्हन नाही असं घर दाखवा. गॅसवर ठेवायचा तो गोल अ‍ॅल्युमिनियमचा, मधे जाळी. आजी जाळीवर आधी जुनी थाळी ठेवायची, त्यात वाळू, आणि त्यावर केकचा डबा, म्हणजे बूड जळत नाही. सांगते थांब, कुकरची शिट्टी झाली

नवलखा
हां. पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, पाच अंडी, हे पाठ आहे. मनुका बेदाणे खजूर टुटीफ्रुटी आणि संत्र्याची साल बारीक चिरून हे सगळं संत्र्याच्या रसात भिजवायचं, नागपूरची संत्री डिसेंबरात इथे ढिगाने येतात. आमच्याकडे दारू घालत नसत, आजी कडक. भिजवायचं मात्र नीट आठ दिवस, फ्रिजमध्ये, रोज एकदा हलवायचं, आणि ते काम मुलांचं. रंग येण्यासाठी साखर जाळायची, चांगली गडद तपकिरी झाली की लांब उभं राहून गरम पाणी ओतायचं, थंड नाही, नाहीतर तडतडून अंगावर येतं. फळं घालायच्या आधी कोरड्या मैद्यात घोळवायची म्हणजे तळाला बसत नाहीत. गॅस एकदम बारीक आणि पहिली चाळीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. आजी झाकणापाशी पाट टाकून बसायची, कोणी उघडू नये म्हणून.

स्वयंपाकघर
टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई असते हे मला पस्तिसाव्या वर्षी कळलं. घरी करून बघितली, छान होते, फक्त पाकात रात्रभर ठेवावी लागते. बाटी ओव्हनची आयडिया भारी आहे, धन्यवाद

मुरारवाली
ग्वाल्हेरकडून हजेरी. आमच्याकडे त्याला बडा दिन म्हणत, आजोबा तर शेवटपर्यंत बडा दिनच म्हणायचे. आणि आमच्या घरात २५ डिसेंबरला दोन गोष्टी, एक म्हणजे अटलजींचा वाढदिवस (१९२४, इथलाच जन्म, आजोबांना कोण अभिमान, सकाळी रेडिओ लावून बसायचे) आणि दुसरी म्हणजे मुरारच्या चर्चमधला येशूजन्माचा गोठा बघायला जाणं. छावणी असल्यामुळे मुरारला जुनी चर्च आहेत ना. आम्ही देशस्थ, पण आजी दरवर्षी घेऊन जायची, बाळ जन्मलंय तर बघून यायला नको का म्हणायची, आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून गजक, म्हणजे तिळगुळाची वडी, न्यायची. गोठ्यासमोर गजकचं पाकीट ठेवून नमस्कार करायची. तिथल्या सिस्टर कधी काही बोलल्या नाहीत, उलट एकदा एकीने ते उचलून आतल्या मेरीमातेपाशी नेऊन ठेवलं तेव्हा आजीचा चेहरा असा फुलला होता! त्याच सुमारास मेळाही भरायला लागायचा, माधवराव शिंद्यांनी १९०५ ला सुरू केलेला तो, तिथून येताना सॉफ्टी. ग्वाल्हेरच्या त्या थंडीत सॉफ्टी. दात वाजायचे पण खायचीच.

जिरावण
सॉफ्टी वाचून इथे खोकला आला मला 😄 ग्वाल्हेरच्या थंडीचं नाव नका काढू, एकदा लग्नाला गेलो होतो, तीन रजया घेतल्या तरी झोप नाही

मुरारवाली
तीन? जानेवारीत चार लागतात 😄

सूरसागर
बडोद्यात डिसेंबर संपेपर्यंत आम्ही मुलं उत्तरायणातच शिरलेली असायचो, १४ जानेवारी यायला तीन आठवडे असले तरी नाताळची सुट्टी लागली की गच्चीवर. रस्त्याकडेला मांजा रंगवणारे बसायचे, गुलाबी हात. बाबा बँकेत होते आणि तेव्हा बँकांचं वर्ष डिसेंबरअखेर संपायचं, मार्च नंतर झाला, त्यामुळे नाताळच्या आठवड्यात बाबा आम्हाला दिसायचेच नाहीत, जमाखर्च जुळेपर्यंत रात्री एक दोन वाजायचे. २५ ला बँक बंद असली तरी हे जायचेच. शाळेत सांताक्लॉजबद्दल ऐकून आलो होतो, मोजा टांगला खिडकीला, शाळेचाच, पांढरा. चिठ्ठी लिहिली की फिरकी पाहिजे. आईला काही सांगितलं नव्हतं. सकाळी मोजा रिकामा. फार रडलो. ३१ ची रात्र, १ ची पहाट म्हणजे, बाबा आले, क्लोजिंग झालं होतं, आणि मी उठलो तर मोज्याखाली फिरकी, मोज्यात मावली नव्हती म्हणून खाली ठेवलेली, भरलेली, गुलाबी मांजा. चिठ्ठी त्यांनी २५ लाच वाचली होती, खिशात घेऊन फिरत होते, दुकानं उघडी असताना सुटकाच होत नव्हती. त्या रात्री मांजावाल्याला घरी जाऊन उठवलं म्हणे. हे मला आईने बाबा गेल्यावर सांगितलं. फिरकी अजून आहे.

दोन_मुलांची_आई
😭😭

नवलखा
@सूरसागर तुमचा नाताळ १ जानेवारीला. आमच्या आजीला फार पटलं असतं हे.

पलासिया
वाचत होते नुसती, राहवलं नाही. आम्ही कॅथलिक, रेड चर्चवाले. आई शाळेत शिकवायची आणि घरी ट्यूशन, बाबांचं टायरचं दुकान, त्यामुळे शांतपणे बसून जेवण असं २४ च्या रात्रीच. म्हणजे जेवण पण नाही, मिडनाइट मास सुटला की सगळे स्कूटर काढून थेट सराफ्यात! दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री खाण्याची, इंदूरकरांना सांगायला नको. नवे कपडे, वर शाल, कानटोपी, आणि गरमागरम गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर जिरावण मसाला नि लिंबू. मग कढईतलं दूध. ओळखीची दहा कुटुंबं तिथेच भेटायची, चर्चच्या पायरीवर हॅपी ख्रिसमस म्हणून झालेलं असायचं तरी गराडूच्या कढईपाशी परत म्हणायचं. गराडूवाले काका आम्हाला ओळखायचे, २४ ला शेवटची कढई आमच्यासाठी थांबवायचे. एका वर्षी बाबांचं दुकान जळालं, डिसेंबरातच, शॉर्टसर्किट, हातात काहीच नव्हतं. आई म्हणाली या वर्षी मासवरून सरळ घरी. बाबांनी स्कूटर सराफ्याकडेच वळवली. काकांनी पैसे घेतले नाहीत. बाबा म्हणाले घ्या, तर काका म्हणाले पुढच्या वर्षी दोन्हीचे द्या. पुढच्या वर्षी दिले, बाबांनी आठवणीने.

जिरावण
माझ्या नावाला जागलात पलासिया ताई. गराडूचं एक सांगतो, नुसता उकडून तळला तर तितकासा नाही लागत, एकदा तळून गार करायचा आणि खायच्या वेळी परत कडक तेलात. सराफ्यात तसंच करतात.

स्वयंपाकघर
आणि सोलताना हाताला खाज येते, तेल लावून घ्या आधी 🙏

हिमालयापलीकडे
मी कॅनडातून. नाताळची चार दिवस सुट्टी आहे, बाहेर बर्फ, सगळं सिनेमात असतं तसं, आणि घरी आम्ही दोघंच. इंदूरला माझं माहेर, ख्रिस्ती नाही आम्ही, पण शाळा मिशनची. तारा, कॅरल, गोठ्यातलं गवत गोळा करणं हे सगळं शाळेत केलं. क्रिश्चन कॉलेजात पण दोन वर्षं होते, १८८७ सालचं कॉलेज ते, कॅनडाच्याच मिशनरी लोकांनी काढलेलं. परवा इथल्या चर्चमध्ये एका म्हाताऱ्या बाईंना हे सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेचनात, त्यांच्या आजीची बहीण म्हणे मध्य भारतात गेली होती आणि परत आली नाही. गाव त्यांना माहीत नव्हतं. मी म्हटलं असेल इंदूरच. आम्ही दोघी किती वेळ तशाच उभ्या होतो. आईला फोन लावला तर तिथे पहाटेचे पाच, तिला वाटलं काहीतरी झालं.

मुरारवाली
अगं एकटी का बसतेस, त्या आजींनाच बोलाव ना जेवायला

हिमालयापलीकडे
बोलावलंय २६ ला. पोहे करणार आहे, शेव इथल्या गुजराती दुकानात मिळते, जिरावण मात्र संपलंय.

जिरावण
पत्ता पाठवा खासगीत. नाताळाला नाही पोचणार पण पाठवतो

नवलखा
सगळ्यांचं वाचतेय, उत्तरं द्यायला उशीर होतोय, आज घरी पाहुणे. आईला (७८ वर्षांची आहे, भावाकडे असते, विजयनगरला) काल ताऱ्याचा फोटो पाठवला. तिचा फोन आला लगेच. मला वाटलं रडेल. तर म्हणाली ती पट्टी बदल, कच्ची झाली असेल, तारा डोक्यात पडेल कोणाच्या. मग म्हणाली तू लावणार कधी? आता माझीच २४ आणि २५ ला ऑन कॉल ड्यूटी आहे, आमच्या कंपनीचे क्लायंट सुट्टीवर गेले तरी सर्व्हर सुट्टीवर जात नाहीत, आणि नवऱ्याची ट्रेन २७ ला सकाळी येते. मी म्हटलं २७ ला संध्याकाळी. बरं, म्हणाली, मग मी २७ ला येते, तोवर डबे उघडू नकोस.

कामट्या राजवाड्याकडे मिळाल्या, पतंगाचा कागदही आणलाय, लाल नि पांढरा. मुलीने खळ शिजवलीय, पातळ झालीये जराशी. आणि पट्टी मी बदलणार नाहीये, तिच्या आतून नवी सुतळी ओवतेय.

दोन_मुलांची_आई
खळीत थोडा मोरचूद घालायचे आमच्याकडे, किडे लागत नाहीत. पण लहान मुलं असतील तर नको, विषारी असतो.

नवलखा
नाही घालत मग. बल्ब कितीचा लावू सांगा कोणीतरी, बाबा शून्याचा लावायचे, आता तो मिळत नाही.

सूरसागर
एलईडी लावा, अर्ध्या वॅटचा पिवळा मिळतो, तापत नाही, कागद जळायची भीती नाही.

स्वयंपाकघर
ताई साखर जाळताना किती पाणी घालायचं ते राहिलं बघा. गॅसवर ठेवलीये आत्ता

नवलखा
अर्धी वाटी! लांब उभी रहा!!