फ्रिक्वेन्सी कुणाच्या बापाची?

खरखर_पुणे
हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची ऑक्टोबरअखेरची सीक्यू वर्ल्डवाइड फोन (बोलून संपर्क साधायची) स्पर्धा, ४८ तासांची. शनिवारी संध्याकाळी सहाला ७.१५५ मेगाहर्ट्झवर (४० मीटरचा बँड) बसलो. आधी तीनदा विचारलं, 'इज धिस फ्रिक्वेन्सी इन यूज?' कुणी हूं की चूं नाही. मग जपानी एकेका गुणाचे, इंडोनेशियन तीन-तीन गुणांचे, लॉग (संपर्कांची नोंद) छान भरत होता. साडेनऊला एक इटालियन दीड किलोहर्ट्झ वरच्या बाजूला येऊन ठाण मांडून बसला. एसएसबीचा (बोलण्यासाठी वापरतो त्या पद्धतीचा) आवाज अडीच-तीन किलोहर्ट्झ खातो, मग उरलं काय? 'बिझी आहे' म्हणून ओरडलो, ढिम्म. साडेतीन तास राबून धरलेली जागा गेली. माझ्या मते ही सरळ चोरी.

जुनी_मोर्सकी
रुमाल टाकला की खिडकी आपली, हे एसटीत. ४० मीटरवर नाही. सहा वाजता इटलीत भर दुपार, उजेडात हा बँड लांब पोचत नाही, तुम्हाला तो ऐकूच येणार नव्हता. कदाचित तोही तिथेच दोन तास बसलेला, त्यानंही तीनदा विचारलेलं. तिकडे अंधार पडला, बँड उघडला आणि दोघं एकमेकांच्या डोक्यावर आलात. यात चोर कोण? आणि त्याच्या बीमपुढे (एका दिशेला जोर लावणारी अँटेना) तुमचा गच्चीवरचा डायपोल (साधी तारेची अँटेना) त्याला ऐकू गेला, हे कशावरून? व्हीएफओ (फ्रिक्वेन्सीचं बटण) जरा फिरवायचा. झोन २२ (भारत येतो तो स्पर्धेचा विभाग) हवा असणारे शोधत येतात.

डीबी_दादा
काका, दर वेळी प्रोपगेशनच्या (लहरींच्या प्रवासाच्या) माथी मारू नका. ऐकू न येणं वेगळं, ऐकू येऊनही दामटणं वेगळं. शिवाय कॉम्प्रेसर (आवाज ठासून भरणारा) पूर्ण पिळायचा, एएलसीची (ट्रान्समीटरवरचा ताण दाखवणारी) सुई टोकाला चिकटवायची आणि चार किलोहर्ट्झपर्यंत चिखल उडवायचा, म्हणजे शेजारी आपोआप उठतो. हे अजाणता होत नाही. नियमांत स्प्लॅटर, म्हणजे हाच चिखल, खिलाडूपणाविरुद्ध धरलंय, समिती एसडीआरची (संगणकी रिसीव्हरची) रेकॉर्डिंगंही तपासते.

जुनी_मोर्सकी
मान्य. पण आधी एक सांगा, खरखर, नॉईज ब्लँकर (विजेच्या उपकरणांची खरखर कापणारी सोय) चालू होता का? तो चालू असला की शेजारचा स्वच्छ तगडा सिग्नलही फाटका ऐकू येतो. शिव्या इटालियनला आणि दोष आपल्याच सेटचा, असं मी स्वतः केलंय. ब्लँकर बंद, अटेन्युएटर (येणारा सिग्नल कमी करणारा) चालू, मग निकाल द्या.

खरखर_पुणे
चालू होता. खालच्या मजल्यावरच्या एलईडी माळा, दिवाळीचे दिवस. काय करणार?

सकाळची_नेट
तुम्ही दोघं जागेवरून भांडताय, आमची रोजची नेट (ठरल्या वेळी हवेवर भरणारा कट्टा) शनिवार-रविवार उखडली जाते त्याचं काय? ३०, १७, १२ मीटरवर स्पर्धा नसतात, तिकडे जा म्हणता. माझ्याकडे ४० मीटरचा एकच डायपोल आहे आणि सेट त्या बँडांच्या आधीचा. त्यामुळे तुमच्यावर कुणी कॅरिअर (आवाज नसलेली कोरी लहर) टाकून बसलं, तर मला फार वाईट वाटत नाही.

डीबी_दादा
म्हणजे तुम्हीच टाकता की काय?

सकाळची_नेट
मी नाही. पण हात शिवशिवतात.

जुनी_मोर्सकी
शिवशिवू द्या, पण मोर्सची की दाबू नका. कॉलसाइन (आपली ओळखखूण) न देता मुद्दाम कॅरिअर सोडणं हा लायसन्सचाच भंग, तिथे चर्चा नाही. पण स्पर्धकांनीही नेटची वेळ ओळखून चार किलोहर्ट्झ सोडायला काय हरकत आहे? ७.११० आणि १४.३०० मेगाहर्ट्झ ही आपल्या रीजनची (आशिया-पॅसिफिक) आपत्कालीन केंद्रं, तीही काही जण सोडत नाहीत. मला खरा राग त्याचा येतो.

खरखर_पुणे
ठीक, ७.११० ला मी कधी हात लावत नाही. नेटचं सांगितलंत तर वेळ लिहून ठेवतो. आणि नोव्हेंबरच्या सीडब्ल्यू (मोर्स) स्पर्धेला ब्लँकर बंद करून बघतो. पण काका, तो दीड किलोहर्ट्झ अंतरावरच होता, ते मी मागे घेत नाही.