मदत हवी आहे: मंडळीला व्हिजन आणि मिशनमधला फरक कसा समजावू?

जय ख्रिस्त. नागपुरातल्या एका मराठी मंडळीच्या कमिटीवर आहे. येत्या रविवारी उपासनेनंतर पंधरा मिनिटं मिळणार आहेत आणि पाळकसाहेबांनी विषय माझ्या गळ्यात घातलाय: आपलं व्हिजन काय, मिशन काय.

घोळ कमिटीतच आहे. मसुद्यात व्हिजनखाली लिहिलंय, ‘दर दुसऱ्या शनिवारी मेडिकलमध्ये पेशंटच्या नातेवाइकांना जेवण’ (मेडिकल म्हणजे इथलं सरकारी हॉस्पिटल). मिशनखाली, ‘ख्रिस्ताच्या प्रीतीने भरलेली मंडळी’. मला हे उलटं वाटतं. तसं म्हटलं तर एक काकाजी म्हणाले, “दोन्ही चांगल्याच गोष्टी हायेत ना बाप्पा, खाली-वर लिहिल्यानं काय बिघडते?” यावर काय सांगायचं?

पुढच्या बाकांवर रिटायर्ड शिक्षक, नर्सबाया. मागे मिहानला, म्हणजे आयटी कंपन्यांत, जाणारी पोरं, हे शब्द ऑफिसात ऐकून ऐकून कंटाळलेली. म्हणून कंपनीची उदाहरणं नकोत, बायबलमधलंच सांगा. नीतिसूत्रे 29:18 सगळेच सुचवतात, कारण इंग्रजी बायबलात तिथे ‘व्हिजन’ शब्द येतो, पण तिथे संदेष्ट्याला होणाऱ्या दर्शनाची आणि नियमशास्त्र पाळण्याची गोष्ट आहे, आपल्या पंचवार्षिक बेताची नाही. ते वचन ओढूनताणून वापरायचं नाही.

प्रतिसाद
29:18 सोडलंत ते बरं केलंत. नहेम्या घ्या, पारसाच्या राजाच्या चाकरीतला यहूदी. शूशनच्या राजवाड्यात असताना त्याला कळतं की यरुशलेमेचा कोट, म्हणजे तटबंदी, पडलाय, वेशी जळाल्यात. 2:17 मध्ये तो लोकांना म्हणतो, चला, कोट बांधू, म्हणजे आपली अप्रतिष्ठा राहणार नाही. अप्रतिष्ठा गेलेलं, नांदतं नगर हे व्हिजन. कोट बांधणं हे मिशन. मग 3रा अध्याय थोडा वाचून दाखवा, लोक नावांची यादी म्हणून उगाच सोडून देतात. सोनार बांधतोय, अत्तरवाला बांधतोय, शल्लूम मुलींना घेऊन आलाय, कित्येक जण आपापल्या घरासमोरचाच भाग उचलतात. मिशन असं असतं: कोण, कुठे, किती, हे बोट ठेवून दाखवता येतं.

खरी गंमत पुढे आहे. 52 दिवसांत कोट उभा राहतो (6:15). मिशन फत्ते. आणि लगेच 7:4: नगर मोठं, पण माणसं थोडी, घरं बांधलेली नाहीत. म्हणजे व्हिजन अजून बाकीच! मग पुढचं काम ठरतं, 11व्या अध्यायात दहातल्या एकाला नगरात राहायला आणायला चिठ्ठ्या टाकतात.

काकाजींना एवढंच विचारा: उद्या मेडिकलवाल्यांनी जेवण वाटायला मनाई केली तर मंडळीचं व्हिजन संपलं का? जेवण व्हिजनखाली लिहिलं तर संपलं. मिशनखाली लिहिलं तर डबे दुसरीकडे न्यायचे, प्रीती जागच्या जागी.

प्रतिसाद
पुढच्या बाकांसाठी नागपूरचंच एक जोडा. 29 नोव्हेंबर 1970 ला इथेच सहा मंडळ्या मिळून सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. त्या दिवसाची आठवण असलेलं कोणी ना कोणी बसलेलं असेलच. योहान 17 मधली येशूची ‘सर्वांनी एक व्हावे’ ही प्रार्थना व्हिजन म्हणून समोर होती, आणि ती काही त्या एका दिवसात पुरी झाली नाही. सहा मंडळ्यांचं एकत्र येणं, म्हणजे मिशन, तेवढं झालं. मात्र हे दोन मिनिटांत आवरा, नाहीतर जुन्या आठवणी निघतील आणि पंधराची पन्नास मिनिटं होतील.

धागाकर्ता
मेडिकलचा प्रश्न काकाजींना आज सकाळीच फोनवर विचारला. थोडा वेळ थांबून म्हणाले, “मग ते वाटपाचं खाली घ्या.” काम झालं! आता एकच: 11व्या अध्यायातल्या चिठ्ठ्या सांगू, की 7:4 वर थांबू?

प्रतिसाद
7:4 वर थांबा भाऊ. चिठ्ठ्यांचं नाव काढलं की लोक कमिटीच्या निवडणुकीवर येतील.