महापे येथील ग्लासफिश सर्व्हरचे ॲडमिन कन्सोल दुरून वापरण्याबाबत

प्रश्न
आमचे कार्यालय अंधेरीला असून उबुंटू लिनक्सवर चालणारे तीन ग्लासफिश सर्व्हर (जावा ॲप्लिकेशन चालवणारे) नवी मुंबईतील महापे येथील डेटा सेंटरमध्ये आहेत. मी एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे कमांड देण्याच्या सोयीने, काम भागवतो. मात्र कमांड लाइनची सवय नसलेल्या दोन सहकाऱ्यांना ॲडमिन कन्सोल, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळण्याचे पान, हवे आहे. रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या की तेही घरूनच काम करतात. ब्राउझरमध्ये या कन्सोलचा ४८४८ पोर्ट उघडल्यास, ‘सिक्युअर ॲडमिन’ सुरू केल्याशिवाय दुरून प्रवेश मिळणार नाही, असा संदेश येतो. ते सुरू करून फायरवॉलमध्ये ४८४८ मोकळे करावे का?

उत्तर १
क्रम महत्त्वाचा आहे. ॲडमिनचा पासवर्ड रिकामा असेल तर सिक्युअर ॲडमिन सुरूच होत नाही. म्हणून आधी पासवर्ड बदलावा, मग ‘एनेबल-सिक्युअर-ॲडमिन’ ही कमांड द्यावी आणि डोमेन (ग्लासफिशचा चालू संच) रीस्टार्ट करावे. त्यानंतर कन्सोल एचटीटीपीएसवर जाते आणि प्रमाणपत्र सर्व्हरने स्वतःच तयार केलेले असल्यामुळे ब्राउझर इशारा देतो. ४८४८ मात्र सर्व इंटरनेटला मोकळे करू नये, कारण कन्सोलमध्ये शिरलेला माणूस हवे ते ॲप्लिकेशन डिप्लॉय करू शकतो, म्हणजेच आपल्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. फक्त कार्यालयाच्या स्थिर आयपीला परवानगी द्यावी.

उत्तर २
वरील क्रम बरोबर आहे, परंतु स्थिर आयपीचा उपाय येथे अपुरा पडेल, कारण अडचण सहकारी घरी असतानाचीच आहे. एसएसएच आधीच चालू आहे, तेव्हा त्याचाच टनेल, म्हणजे त्या जोडणीतूनच जाणारी वाट, करावा: लॅपटॉपवरचा ४८४८ पोर्ट सर्व्हरच्या १२७.०.०.१ (त्याचा स्वतःसाठीचा पत्ता) वरील ४८४८ ला जोडला की ग्लासफिशला ती जोडणी स्थानिकच वाटते. त्यामुळे सिक्युअर ॲडमिन, रीस्टार्ट किंवा फायरवॉलमधील बदल यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. पासवर्ड तरीही रिकामा ठेवू नये.

एसएसएचची किल्ली (की), म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल, हिच्याबाबत माझा आग्रह आहे. प्रत्येकाची किल्ली वेगळी असावी. सर्वांनी एकच वापरली, तर एक जण नोकरी सोडून गेल्यावर सगळ्यांची बदलावी लागते. शिवाय सर्व्हरवरच्या ‘ऑथराइज्ड कीज’ फाइलमध्ये सहकाऱ्यांच्या किल्लीपुढे ‘रिस्ट्रिक्ट’, ‘पोर्ट-फॉरवर्डिंग’, ‘परमिटओपन’ आणि काहीच न करणारी सक्तीची ‘कमांड’ हे पर्याय लिहिले, तर त्यांना शेल (कमांड देण्याची सोय) न मिळता फक्त कन्सोलपर्यंतची वाट मिळते.

उत्तर ३
सर्व्हरवरच्या नोंदींकडेही (लॉग) लक्ष द्यावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आहेत, तर उबुंटूची मूळ मांडणी एसएसएच प्रवेशाच्या नोंदी साधारण चार आठवडेच ठेवते. जुन्या नोंदी काढून टाकणाऱ्या लॉगरोटेटमधील आकडा वाढवावा.

प्रश्नकर्ता
तिघांचेही आभार. टनेल करून पाहिला आणि कन्सोल उघडले. एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर स्वतःचे ग्लासफिश चालू असल्याने तिथला ४८४८ अडलेला होता. त्याच्याकडे १४८४८ हा पोर्ट दिला आहे. लॉगरोटेटचा बदल आज रात्री तिन्ही सर्व्हरवर करत आहे.