मदत हवी आहे: काजूच्या बागेत जखमी खवले मांजर

खानापूर तालुक्यात, जांबोटीजवळ आमची बाग आहे. पहाटे कुंपणाच्या जाळीत खवले मांजर अडकलेलं दिसलं. जाळी कापताना हात लागला. खवले नखासारखे टणक, पोट मात्र मऊ नि ऊबदार. लगेच त्यानं अंगाचं मुटकुळं केलं. मागच्या पायाला जखम आहे, रक्त थांबलंय. पोत्यानं झाकून सावलीत ठेवलंय. वनखात्याला दोनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. १९७२ च्या कायद्यानं ते संरक्षित आहे, घरी ठेवणार नाही. गावात कुणाला बोललो नाही. खवल्यांसाठी मारतात हो याला! त्याला दात नसतात, मुंग्या-वाळवीच खातं, म्हणून दूध-भात काही दिलं नाही. गाडी आहे, पण मला कन्नड जेमतेम येतं. तोवर पाणी ठेवू का, आणि बेळगावात जखमी वन्यप्राणी नेमकं कोण बघतं?