आईचं केमो चालू आहे: मळमळ आणि बद्धकोष्ठावर सुंठ, लाह्या, इसबगोल द्यावं का? गुळवेलीचं काय?

नमस्कार. आई ५८ वर्षांची, सांगलीजवळ गावी असते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता एसी केमो (अ‍ॅड्रियामायसिन हे लाल औषध आणि सायक्लोफॉस्फामाइड) चालू आहे. दर २१ दिवसांनी एक, असे चार. दोन झाले, तिसरा पुढच्या गुरुवारी.

पहिला दिवस सलाईनमधल्या इंजेक्शनवर निभतो. खरा त्रास दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू होतो, तो पाचव्यापर्यंत. उलट्या फारशा नाहीत, पण मळमळ थांबतच नाही. फोडणीचा वास आला की ती उठून परसात जाऊन बसते. तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखं वाटतं म्हणते. त्यात उलटीवरच्या ऑन्डानसेट्रॉनच्या गोळ्या घेतल्या की चार-चार दिवस पोट साफ होत नाही.

आतापर्यंत एकच गोष्ट पोटात टिकली आहे. साळीच्या लाह्या उकळत्या पाण्यात भिजवून गाळायच्या, चिमूटभर सैंधव आणि सुंठ घालायची आणि कोमट झालं की घोट घोट द्यायचं. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून भातही गार करूनच वाढते.

आल्याविषयी वाचलं. अमेरिकेत ५७६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. उलटीच्या औषधांच्या जोडीला, केमोच्या ३ दिवस आधीपासून रोज अर्धा ते एक ग्रॅम आलं कॅप्सूलमधून दिलं, तर पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. पण आईचा त्रास दुसऱ्या दिवसापासूनचा! तिथे सुंठीचा कुणाला गुण आला का? प्लेटलेट कमी असताना रक्तस्रावाच्या भीतीने तुम्ही ती बंद ठेवली होती का?

गुळवेलीचा काढा मावशीने फार मायेने आणला होता. मी तो थांबवला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं, हेही माहीत आहे. पण केमोचं लाल औषध मुख्यतः यकृतातूनच बाहेर पडतं, तिथे मला जोखीम नको वाटते. मावशी दुखावली आहे, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

बद्धकोष्ठासाठी इसबगोल चाललं का? आई पाणीच कमी पिते, त्यामुळे ते आत अडकेल अशी भीती वाटते. त्रिफळा कुणी केमोतज्ज्ञांना विचारून दिला आहे का?

आणखी एक. टाटा हॉस्पिटलच्या अभ्यासात ओलॅन्झापिन १० ऐवजी २.५ मिलिग्रॅम देऊनही उलटी-मळमळ तितकीच आटोक्यात राहिली आणि झोप कमी आली. ते कुणाला दिलं होतं का? ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, म्हणून विचारायचं सगळं आधीच वहीत लिहून ठेवते आहे.

तुमच्या घरी काय दिलं, किती आणि केमोच्या कितव्या दिवशी, एवढं सांगा. डॉक्टरांना सांगून दिलं की न सांगता, तेही लिहा.